एसएमबी वर सोडताना मीच त्याच्याबरोबर वर गेले! बांधायचा कसा, सोडायचा कसा?

मुलुंडची मासोळी

नमस्कार मंडळी. इथे डोंगरवाले जास्त, पाण्याखालचे कमी, हे माहीत आहे. पण मागे एका धाग्यात दोन-तीन स्कूबावाले दिसले होते, म्हणून विचारायचं धाडस करते.

मी ४६ वर्षांची, फोर्टात हिशेबाची नोकरी. पाण्याचं वेड उशिरा लागलं. पहिला कोर्स तारकर्लीला केला, पुढचा अॅडव्हान्स्डही झाला, आजवर ३१ डाइव्ह. मे महिन्यात आम्ही चौघं नेत्राणी बेटावर गेलो होतो (मत्स्यगंधा एक्स्प्रेसने मुर्डेश्वर, मग बोट). पहिला दिवस झकास. दुसऱ्या दिवशी पाण्याला ओढ होती, तेव्हा गाईड म्हणाला, "मॅडम, आज एसएमबी तुम्ही सोडा."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एसएमबी म्हणजे नारिंगी रंगाची लांब नळीसारखी पिशवी. वर यायच्या आधी पाण्याखालीच तिच्यात हवा भरायची आणि दोरीवर सोडून द्यायची. ती पाण्याबाहेर उभी राहिली की बोटवाल्याला कळतं, इथे खाली माणसं आहेत आणि आता वर येताहेत.

कोर्समध्ये मी ती एकदा सोडली होती. ४ मीटरवर, वाळूत गुडघे टेकून, दोरी शिक्षकांच्या हातात. म्हणजे सायकल शिकताना मागून कॅरिअर धरलेलं असतं, तसं.

या वेळी १२ मीटरवर होते, मधल्या पाण्यात, खाली टेकायला काही नाही. पिशवी उलगडली, ऑक्टोपस (सिलिंडरमधून हवा देणारी जादा नळी) तिच्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. ती इतकी भसकन भरली की मी दचकलेच. सोडली. पण स्पूल (दोरी गुंडाळलेलं, मधे भोक असलेलं रीळ) फिरलाच नाही! माझं बोट त्याच्या भोकात, हातात ग्लोव्ह, आणि पिशवी मला उचलून वर न्यायला लागली. खोली मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर ठणाणा बोंबलतोय. घरी येऊन नोंद पाहिली तर १२.४ वरून ६.१ मीटर, १५ सेकंदांत. तिथे कसंबसं बोट सुटलं, स्पूल गेला, मी फिन मारत थांबले. श्वास रोखला नव्हता, एवढं एक डोकं शाबूत होतं. बडी (डाइव्हमधला जोडीदार) नंतर आला, सेफ्टी स्टॉप (वर यायच्या आधीचा थांबा) नीट केला, काही झालं नाही. वर आल्यावर बोटीवरचा पोरगा म्हणतो, "तुमची पिशवी पहिली आली, आडवी पडून तरंगत होती, आम्हाला वाटलं कचरा आहे."

हसले तेव्हा, पण रात्री झोप नाही लागली.

आता जून लागला, पाणी बंद. ऑक्टोबरपर्यंत मला हे नीट शिकायचं आहे. स्पूल का फिरला नसेल? स्वतःचा एसएमबी घ्यायचा तर कसला घ्यावा? (तो भाड्याचा होता, खालून उघडा.) दोरी नेमकी बांधायची कशी, आणि मुंबईत बसून याचा सराव होऊ शकतो का? आपल्या समुद्रात तर स्वतःचा हात दिसत नाही.

---

बाकरवडी पार्लेकर

ताई, गाईडला पैसे कशाचे देतो आपण? पिशवी त्याने सोडायची, आपण मासे बघायचे. माझे ६० डाइव्ह झाले, एकदाही हात लावला नाही. उगाच डोक्याला ताप.

---

वेसावकर

पार्लेकर, गाईड आणि तुम्ही ओढीत वेगळे झालात तर मग? बोट गाईडच्या पिशवीकडे जाणार आणि तुम्ही भलतीकडे वर येऊन हात हलवत बसणार. ज्याच्या त्याच्या खिशात ज्याची त्याची पाहिजे. असो.

मासोळीताई, तुम्ही शेवटी सोडलंत ते बरोबर केलंत. सहा मीटर उशिरा, एवढंच.

मी वेसाव्याचा. आमच्या घरची डोलीची, म्हणजे एका जागी बांधून ठेवलेल्या जाळ्याची मासेमारी, शाळेच्या सुट्ट्या मी होडीवर काढल्यात. गेली १२ वर्षं डाइव्हमास्टरचं काम करतो. मोसमात मालवण नाहीतर नेत्राणी, पावसाळ्यात मुंबईत तलावावर पोरांना शिकवतो. त्यामुळे हा बोया मी खालूनही पाहिलाय आणि वरूनही. आम्ही त्याला बोयाच म्हणतो, इथेही तसंच लिहितो.

स्पूल का नाही फिरला, हे तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून छातीठोक नाही सांगता येणार. पण भोकात बोट हे तर दिसतंच आहे. लहानपणी संक्रांतीला भावाची फिरकी धरली असेल ना? पतंगाला ढील देताना फिरकी कशी धरायची? दोन्ही दांडे बोटांवर सैल, ती आपोआप गरगरते. कोणी मुठीत आवळून धरली की पतंगवाला ओरडायचाच. स्पूल तसाच. अंगठा एका बाजूला, मधलं बोट दुसऱ्या बाजूला, मधोमध नुसता चिमटा. बोट आरपार घालून फिरवणारे असतात, दिसायला छान दिसतं. पण ग्लोव्हचं कापड आणि ओली दोरी एकत्र आली की बोटच खुंटी होतं.

आता बांधणी. ही बोटीवर करायची नाही, घरी करायची, आदल्या रात्री, पंख्याखाली बसून. दोरीच्या सुट्या टोकाला शिवलेला मोठा फास असतो. तो बोयाच्या बुडाशी असलेल्या कडीतून ओवायचा, मग अख्खा स्पूल त्या फासातून पलीकडे काढायचा आणि ओढायचं. झालं. घरी हिसके देऊन बघा, जितकं ओढाल तितकं आवळतं. मध्ये हूकबिक लावू नका, उघडायला जेवढ्या जागा कमी तेवढं बरं. फास छोटा असेल आणि स्पूल त्यातून जात नसेल तर तो सोडवून मोठा करून घ्या. फास तसाच ठेवून टोकाला हजार गाठी मारणारे मी पाहिलेत.

मग बोया गुंडाळायचा. डोक्याकडून सुरुवात, हवा दाबत दाबत बुडाकडे, म्हणजे तोंड आणि दोरीची कडी बाहेरच्या बाजूला येते. उलटा गुंडाळलात तर खाली अंधुक पाण्यात तोंड शोधत बसाल. वर रबरी दोरीचा वेढा, स्पूल बाहेर, आणि सगळं बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटच्या खिशात. डबल एंडर, म्हणजे ती दोन्ही टोकांना हूक असलेली क्लिप, तिचं एक टोक स्पूलच्या कडेच्या छिद्रातून दोरीला पकडून ठेवतं. त्यामुळे खिशात दोरी सुटत नाही. सोडायच्या आधी ती काढायची आणि जॅकेटवरच्या कडीला, डी-रिंगला, लावायची. पुन्हा स्पूलला नाही. आणि बोया जात असताना स्पूल तुमच्या अंगावर कुठेही अडकवलेला नसला पाहिजे. बोया जाणार तर एकटा गेला पाहिजे.

कुठे सोडायचा? बरेच जण ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपला सोडतात. मला पटत नाही. त्या खोलीत श्वास जरा मोठा झाला तरी माणूस वर सरकतो, त्यात हे काम. १० मीटरच्या आसपास सोडा, थोडी चूक झाली तरी सावरायला जागा राहते. आधी बडीला खूण करा, त्याने तुमच्या समोर राहायचं आणि तुमची खोली त्याने बघायची, कारण तुमचं लक्ष हातात असतं. मग वर बघा, गोल फिरून. कानही उघडे ठेवा. इंजिनाचा आवाज पाण्यात चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो, दिशा कळत नाही, त्यामुळे आवाज जवळ आला तर थांबायचं. मालवणला किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगच्या होड्यांची ये-जा बघितलीये ना? तिथे तर शंभरदा थांबायचं.

हवा भरायची तर ऑक्टोने नको, निदान अजून नको. तोंडाने. यात एक गंमत आहे, ती समजली की अर्धी भीती जाते. श्वास घेतलात, फुप्फुसं भरली, तुम्ही किंचित वर निघालात. आता तीच हवा बोयात फुंकली. हवा तेवढीच, फक्त तुमच्यातून बोयात गेली. तुम्ही दोघं मिळून वजन तेच आणि फुगवटाही तोच. म्हणजे फुंकताना तुम्ही उचलले जात नाही. पुढचा श्वास घेतलात की मात्र जाता. म्हणून फुंक, बोया सोड, मग श्वास. ऑक्टोची हवा सिलिंडरमधून येते, ती वरून भर पडते, बटण जरा जास्त दाबलं गेलं की बोया ताबडतोब तुम्हाला ओढतो. तुमचं तेच झालं.

फुंकताना रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून आपण श्वास घेतो तो, तोंडातून काढावा लागतो, तो उजव्या हातात तोंड खाली करून धरा, नाहीतर फसफसत सुटेल. हात अंगापासून लांब. दोरी ऑक्टोच्या नळीभोवती, कॅमेऱ्याच्या पट्ट्याभोवती नाही ना, ते एकदा नजरेने बघा. सोडा.

अडकला तर? हात उघडा. काय अडकलंय ते बघत बसू नका. बोया तीन-साडेतीन हजारांचा. बोटवाला उचलून आणेल, किंवा नाही आणणार.

सुटला, वर पोचला, दोरी सैल पडली. इथे लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढचं विसरतात, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं. दोरी गुंडाळून ताणात घ्या. ताण नसेल तर बोया आडवा पडतो. तुमचा पडला होता तसाच.

आडवा पडलेला बोया होडीवरून कसा दिसतो हे खालच्याला कळत नाही. माझे बाबा डोलीच्या खुणेला निळे प्लॅस्टिकचे पिंप बांधायचे. एवढं मोठं धूड, पण दोन-तीन फुटांची लाट असली की ते लाटेमागे गेलं, परत आलं, परत गेलं असं व्हायचं. मी लहान होतो तेव्हा माझं काम ते शोधायचं, आणि मला ते दिसायच्या आधी बाबांना दिसायचं. दुपारनंतर तर आपल्या किनाऱ्याला सूर्य समुद्राच्या बाजूला येतो, पाण्यावर चकाकी पसरते, त्यात माणसाचं डोकं म्हणजे नारळ. नारळही नाही, सुपारी. उभा नारिंगी दांडा मात्र चमकीतही काळा पट्टा म्हणून दिसतो, कारण तो हलत नाही, बाकी सगळं हलतं. आडवा पडला की तो कचरा. त्या पोराला मी दोष नाही देणार.

म्हणून पुढच्या सहलीत एक डाइव्ह सोडा आणि होडीवर बसून बाकीच्यांचे बोये शोधा. पैसे वाया जातील. जाऊ देत.

वर येताना दोरी ओढून वर चढायचं नाही, आपण आपल्या तरंगण्याने यायचं आणि दोरी नुसती गोळा करत राहायची. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नाही, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा.

घ्यायचा तर अर्धबंद घ्या: खालच्या तोंडाला आत झडप असते, हवा आत जाते, आडवा पडला तरी सगळी बाहेर येत नाही. उघड्या बुडाचा आडवा पडला की रिकामा होऊन बुडायची भीती. बाजूला जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह हवाच. लांबी सव्वा मीटर तरी. रीलपेक्षा स्पूल, कारण रीलला खटके, कड्या, दांडे, आणि तेवढ्या अडकायच्या जागा. गुंडाळायला स्पूल कंटाळवाणा, पण चालतं. रंग नारिंगी. काही ठिकाणी पिवळा म्हणजे 'मी अडचणीत आहे' असं मानतात, सगळीकडे नाही. बोटवाल्याला विचारून घ्या.

आणि सहल ठरवताना तिथी बघा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी सुस्त. पुनवेला, अवसेला उधाण. मुंबईइतकी भरती-ओहोटी खाली कारवारकडे नसते, तरी शिकणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत.

---

मुलुंडची मासोळी

वेसावकर दादा, दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं, तो फक्त सुपारीवर हसला.

स्पूलची दोरी किती मीटरची घेऊ? १० मीटरवर सोडायचा तर १५ मीटरचा पुरेल ना? तो लहान आहे, खिशात छान बसेल. आणि सरावाचं राहिलंच.

---

गिरगावची गौरी

मी स्कूबावाली नाही, पण एक कल्पना! चौपाटीवर गॅसचे फुगे मिळतात. एक आणा, स्पूलच्या दोरीला बांधा आणि गच्चीवर सोडा. ढील द्यायचा, गुंडाळायचा, मस्त सराव. 😄

---

ठाण्याचे मास्तर

गौरीताईंची कल्पना गोड आहे, पण गणित मोडतं. नेहमीचा गॅसचा फुगा जेमतेम १०-१२ ग्रॅम वजन उचलतो. स्पूलची जाड विणलेली दोरी दोन-चार मीटर सुटली की फुगा तिथेच लोंबकळेल. मी फिजिक्स शिकवून निवृत्त झालोय, अशी संधी सोडवत नाही.

दोरीचं बघू. बोया सरळ वर राहिला तर १० मीटरला १० मीटर. पण ओढीत दोरी तिरकी होते. ४५ अंशांवर गेली तर १० चे १४ मीटर लागतात, १२ मीटरवरून सोडलात तर १७. म्हणजे १५ चा स्पूल संपला, आणि संपला की पुन्हा ताईंच्या बोटावर. ३० मीटरचा घ्या.

आता ताईंना उचललं कशाने, तेही बघून टाकू. बोया सपाट असताना १५ सेंटिमीटर रुंद आणि १.२ मीटर लांब धरा. फुगला की परीघ ३० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साडेनऊ, आणि घनफळ साधारण साडेआठ लिटर. एक लिटर समुद्राचं पाणी बाजूला सारलं की एक किलोहून किंचित जास्त उचल मिळते. म्हणजे गच्च भरलेला बोया साडेआठ किलोच्या आसपास उचलणार. खाली राहायला कमरेला बांधतात ते शिसं तुमचं किती होतं, ताई? पाच-सहा किलो असेल. ते सगळं काढून टाकल्यापेक्षाही जास्त! शिवाय वर जाताना बीसीडीतली हवा प्रसरण पावते ती वेगळी.

पण गच्च भरायची गरजच नसते, ही खरी मजा. १२ मीटरवर दाब २.२ बार, वर १. म्हणजे तिथे ४ लिटर भरलीत की वर पोचेपर्यंत ती जवळजवळ ९ होतात, बोया ताठ, उरलेली व्हॉल्व्हमधून बाहेर. दोन चांगल्या फुंकांचं काम. ५ मीटरवर मात्र दाब दीडच बार, तिथे पावणेसहा लिटर भरावी लागेल. म्हणजे वेसावकर म्हणतात ते १० मीटर फुंकांच्या हिशेबानेही परवडतं.

एक शंका, वेसावकर. तुम्ही म्हणता फुंक, सोड, मग श्वास. पण फुंका दोन लागल्या तर मधला श्वास घ्यावाच लागणार. तेव्हा ताई वर निघणार नाहीत का?

---

वेसावकर

मास्तर, बरोबर पकडलंत. दोन फुंका लागणार असतील तर पहिल्या फुंकेआधी बीसीडीतली थोडी हवा काढून घ्यायची, म्हणजे किंचित जड. पहिल्या फुंकेनंतर श्वास घेतला की बरोबरीत येता. पण शिकताना एकच फुंक. बोया अर्धवट ताठ राहील, चालेल. वर आल्यावर पाण्यावर तरंगत उरलेली भरा.

आणि फुग्याच्या जागी फुगा कशाला, मुलगा आहे ना ताईंना? बिल्डिंगचा जिना वापरा. तुम्ही तळमजल्यावर खुर्चीत, तो बोया घेऊन वर पळणार.

---

मुलुंडची मासोळी

तीन आठवड्यांनी येतेय. आधी जिना.

आमची चार मजली सोसायटी, जिन्याच्या मधोमध मोकळी जागा आहे, वर बघितलं की गच्चीच्या दाराचा उजेड दिसतो. रविवारी सकाळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले, मास्क लावून, ग्लोव्ह घालून. लेक अकरावीत, त्याने बोया काखेत मारला आणि दोन-दोन पायऱ्या उडवत सुटला. पहिल्यांदा स्पूल हातातून उडून पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या चपलांत. दुसऱ्यांदा तो तिसऱ्या मजल्यावर दम लागून थांबला, पण स्पूल फिरतच राहिला आणि दोरीचा हा एवढा घरटं-गुंता. तो सोडवायला वीस मिनिटं! तेव्हा कळलं की अंगठ्याने कडेला हलका ब्रेकही लावायचा असतो, हे दादांनी लिहिलं नव्हतं. (लिहायला हवं होतं, दादा.) आठव्या-नवव्या खेपेला जमलं. ग्लोव्ह काढून तर फारच सोपं. वॉचमन येऊन शांतपणे विचारून गेला, "मॅडम, मच्छी पकडताय का?"

नवा स्पूल ३० मीटरचा आणि बोया अर्धबंद घेतला. फासाची बांधणी आता डोळे मिटून येते. पहिल्या दिवशी गुंडाळला मात्र उलटाच.

मग तलाव. क्लबचा, साडेतीन मीटर खोल. तिथे फुंक-सोड-श्वास करून बघितलं आणि खरंच, फुंकताना मी जागेवरच! गुडघे टेकले नव्हते. सहापैकी चार वेळा नीट. पाचव्यांदा रेग्युलेटर उलटा राहिला आणि शिट्टीसारखा सुटला, सगळा तलाव बघायला लागला. ताणात धरलेला बोया वर उभा राहिलेला काठावरच्या मैत्रिणीने मोबाइलवर टिपला. मग मी मुद्दाम दोरी सैल केली. आडवा पडला, आणि खरंच फ्लोटच्या रांगेत मिसळून गेला.

आता खरी बातमी. नेत्राणीच्या वेळी बडीच्या कॅमेऱ्यात तो सगळा प्रकार आला होता हे त्याला काल सापडलं. ४० सेकंदांचा तुकडा. मी तो आठ वेळा पाहिला. बोट भोकात होतंच. पण त्याच्या बाजूला स्पूलच्या कडेला काहीतरी चमकतंय. थांबवून, मोठं करून पाहिलं. डबल एंडर! मी तो काढलाच नव्हता. एक टोक छिद्रातून दोरीत, जसाच्या तसा. बोट नसतं तरी तो स्पूल जन्मात फिरला नसता.

महिनाभर मी त्या भाड्याच्या सामानाला शिव्या देत होते.

---

बाकरवडी पार्लेकर

बोया कुठून घेतलात ताई? विचारून ठेवतोय. असंच.

---

वेसावकर

ब्रेकचं राहिलं खरं, चूक माझी.

तो व्हिडिओ बघायला आवडेल. पोरांना दाखवेन, तुमचं तोंड झाकून.

ताई, होडीवर बसून बोये शोधायचं मी म्हणालो होतो, त्याला ऑक्टोबरची वाट कशाला बघता. नारळी पौर्णिमा झाली की भावाची होडी जायला लागेल. एखाद्या भांगाच्या दिवशी त्याच्याबरोबर जवळच्या जवळ फेरी मारा, पिंप शोधून दाखवा. पहाटे निघावं लागेल, आणि मासे मिळतीलच असं नाही.

---

मुलुंडची मासोळी

येणार. लेकही येणार म्हणतोय. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षा, बरोबर? पण पहाटे म्हणजे किती वाजता? पहिली मेट्रो चालेल, की आदल्या रात्रीच यावं लागेल?